सरांच्या नावाने काय द्यायचं?



आपल्या गणिताच्या सरांच्या स्मरणार्थ निधी जमवायचा, यावर आपलं एकमत आहे. दहावीत गणितात पहिल्या येणाऱ्याला रोख बक्षीस द्यावं, अशी सूचना आली आहे. मला थोडं वेगळं सुचवायचं आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. पुढे त्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस १९२७ साली द. रा. कापरेकरांना मिळालं. ६१७४ वाले, तेच. (चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी मांडणी वजा लहानात लहान, असं करत राहा. फार तर सात वेळा. जेवताना करून बघा.) पण बक्षीस मिळालेले कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ पर्यंत नोकरी सांभाळून गणित करत राहिले. परांजप्यांना शिष्यवृत्तीने अभ्यासाची वर्षं दिली. कापरेकरांना मिळाली ती झालेल्या कामाची शाबासकी.

म्हणून मी म्हणते, बक्षीस नको, पाठ्यवृत्ती ठेवूया. आमच्या वेळी गणित चांगलं म्हणजे इंजिनिअरिंग, हे ठरलेलंच; मीही त्याच रांगेतली. पण एखादी मुलगी एम.एस्सी. करून गणितातच संशोधन करायचं म्हणाली, तर? नेटमधून जेआरएफ मिळाली की दरमहा ३७ हजार सुरू होतात. ती मिळेपर्यंतचं वर्ष मात्र घरच्यांच्या जिवावर काढायचं. शिकवण्या धरल्या की अभ्यास मागे पडतो, आणि घरात लग्नाचा विषय निघतोच.

२० लाखांवर ६ टक्क्यांनी वर्षाला १ लाख २० हजार येतात, म्हणजे महिना १० हजार. मुंबईत खोली घेऊन राहायला पुरणार नाहीत. रत्नागिरीत राहून एक वर्ष नुसता अभ्यास करायला पुरतील. दरवर्षी एकच विद्यार्थी, निवड मुंबई विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकांकडे. आपल्याकडे ठेवली तर आपलीच भाचरं-पुतणी अर्ज करतील, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सरांच्या घरच्यांशी बोलणं झालं आहे, त्यांची हरकत नाही. दहावी ‘अ’च्या वर्गात पहिल्या बाकावर वही ठेवली आहे. रक्कम नंतर कळवलीत तरी चालेल. नाव आणि फोन नंबर मात्र आजच लिहा.