बलिदानाचे गणित

बुद्धिबळाच्या पटावर मांडलेले कूट समोर आले की नवख्या खेळाडूची दृष्टी प्रथम मोहऱ्यांच्या मोजणीकडे वळते. कोणाचा हत्ती अधिक, कोणाचे प्यादे उणे, याचा हिशेब तो मांडू लागतो. उत्तम कूट रचणारा नेमका हाच हिशेब मोडतो. ‘पांढऱ्याने खेळून जिंकावे’ एवढीच त्याची आज्ञा असते. आणि ती पाळण्याची वाट पुष्कळदा आपला वजीर किंवा हत्ती आपण होऊन शत्रूच्या मुखी देण्यातून जाते. आवळा देऊन कोहळा काढावा, ही आपली म्हण येथे अपुरी पडते. कारण येथे कोहळा देऊन एकटा राजा कोंडायचा असतो.

अशा कूटांचा छंद आपल्याकडे जुना आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री या पंडिताच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. त्याचा मुख्य विषय पटावरील बिकट स्थिती हाच होता. पुढे हा छंद तपश्चर्येच्या कोटीला पोचला तो मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल आरन याला तो किताब १९६१ साली मिळाला. १९७२ मध्ये त्याच्या पुढाकाराने तेथील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात जो बुद्धिबळ क्लब निघाला, त्याला नाव दिले गेले मिखाईल ताल याचे. १९६० साली जगज्जेता झालेला रीगा शहराचा हा खेळाडू म्हणजे बलिदानाचा मूर्तिमंत अवतार. त्याने दिलेले काही बळी मागाहूनच्या चिकित्सेत सदोष ठरले. परंतु घड्याळ चालू असताना त्यातला दोष प्रतिस्पर्ध्याला सापडत नसे.

याच क्लबात विश्वनाथन आनंद हा मुलगा येऊ लागला. खेळाचे पहिले धडे त्याला आई सुशीला यांनी दिले होते. वडिलांच्या नोकरीनिमित्त हे कुटुंब काही काळ फिलिपाइन्समध्ये होते. तेथे दूरचित्रवाणीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम होई व शेवटी एक कूट घातले जाई. मुलगा त्या वेळी शाळेत असे. म्हणून आई ते उतरवून ठेवी, आणि संध्याकाळी दोघे मिळून सोडवीत. उत्तराला बक्षीस पुस्तकाचे. बक्षिसे इतकी मिळू लागली की अखेर कार्यक्रमाच्या चालकांनी त्याला सांगितले, हवी तितकी पुस्तके घेऊन जा, पण यापुढे उत्तर पाठवू नकोस!

या अभ्यासाचे फळ जानेवारी २०१३ मध्ये हॉलंडातील वाइक आन झे येथे जगाने पाहिले. आनंद काळ्या मोहऱ्यांनी लेव्हॉन अरोनियनशी खेळत होता. सोळाव्या खेळीत त्याने आपला दुसरा घोडा पटाच्या मध्यभागी आणला, तेव्हा त्याचे दोन घोडे, एक उंट व एक हत्ती असे चार मोहरे एकाच वेळी शत्रूच्या माऱ्यात उभे होते. थोड्याच वेळात अरोनियनच्या घोड्याने हत्ती मारला. तो घोडा तत्काळ मारता येत असताही आनंदने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. त्याने राजापुढचे एक प्यादे दोन घरे पुढे सरकवले आणि पांढऱ्या वजिराची आत शिरण्याची वाट बंद केली. ना शह, ना मार. खरी प्राणघातक खेळी ती हीच. अखेरीस पांढऱ्या राजापुढची दोन प्यादी जागच्या जागी खिळली: एक दूरवरच्या उंटामुळे, दुसरे समोरच्या वजिरामुळे. मग दुसरा उंट मध्ये घालून आनंदने पांढऱ्या वजिराचे संरक्षण तोडले, आणि तेविसाव्या खेळीला डाव संपला.

पाहणाऱ्यांना त्या वेळी १९०७ सालचा लोड्झ येथील डाव आठवला. तेथे अकिबा रुबिनस्टाइनने असेच दोन उंट तिरप्या रेषांवर रोखून रोटलेवीविरुद्ध वजीर देऊन विजय मिळवला होता. म्हणजे जिला आपण स्फूर्ती म्हणतो, तिच्यामागे जुन्या डावांची दृढ स्मृती आणि घरी केलेली तयारी उभी असते.

तरीही कूट आणि डाव यांत एक मोठे अंतर आहे. कूट सोडवणाऱ्याला उत्तर आहे याची हमी आधीच मिळालेली असते. त्या आश्वासनावर तो वजीरही निर्भयपणे टाकतो. डावात मात्र ‘आता शोध, येथे विजय दडला आहे’ असे कानात सांगणारे कोणी नसते. हल्ली संगणक ते उत्तर क्षणात देतो. पण आयते मिळालेले उत्तर खेळाडूची शोधण्याची सवय वाढवीत नाही. चेन्नईच्याच डी. गुकेशने आपले प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांच्या शिकवणीनुसार कित्येक वर्षे संगणकाच्या विश्लेषणावाचून अभ्यास केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो जगज्जेता झाला.

बलिदान म्हणजे अविचारी शौर्य नव्हे. शत्रूची प्रत्येक सुटका आधी तपासावी, शेवटची खेळी आधी पाहावी, आणि मगच पहिला मोहरा हातातून सोडावा. जो हे गणित पुरे करतो, त्यालाच वजीर देताना हात कापत नाही.