पेशींची वाट आणि पेशींचा सापळा

उन्हाळ्यात सब्जाचे बी पाण्यात टाकले, म्हणजे थोड्याच वेळात प्रत्येक बियाभोवती एक पारदर्शक, बुळबुळीत वलय उभे राहते. त्या वलयात बहुतांशी पाणीच असते. परंतु ते वाहून जात नाही, कारण लांबलचक रेणूंच्या जाळ्याने त्याला धरून ठेवलेले असते. अशा पदार्थाला शास्त्रज्ञ हायड्रोजेल म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांचे सहकारी यांनी या पदार्थांवर दीर्घकाळ संशोधन केले. आपल्या शरीरातील पेशीही अशाच ओलसर जाळ्यांत राहतात. म्हणून योग्य प्रकारे तयार केलेल्या हायड्रोजेलमध्ये त्या जगू शकतात.

या जाळ्यात वाटाही कोरता येतात. जेलचे द्रावण एकाच बाजूने गोठवीत नेले, की बर्फाच्या सुया एका दिशेने वाढतात. पुढे तो बर्फ काढून टाकला, म्हणजे त्यांच्या जागी समांतर बोगदे राहतात. पेशी त्यांच्या कडेकडेने सरकते. बोगदा फारच अरुंद झाला, तर तिचे मऊ अंग आत शिरते, पण टणक केंद्रक अडकून पडते. छिद्राच्या मापावर पेशीची वाट ठरते आणि तिचा सापळाही ठरतो.

याचा उपयोग काय, असे आपण विचाराल. दिल्लीहून जयपूरकडे जाताना मानेसर लागते. मोटारींच्या कारखान्यांमुळे ते नाव आपल्या कानांवर आले आहे. परंतु राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही तेथेच आहे. २००३ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. तेथे ज्या रोगांचा अभ्यास होत आला, त्यांत ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूतील घातक गाठ आहे. शस्त्रवैद्याने गाठ काढली, तरी तिच्या काही पेशी रक्तवाहिन्यांच्या व मज्जातंतूंच्या कडेने आधीच दूर गेलेल्या असतात. त्यांच्यामागे सुरी न्यावी, तर रोग्याची वाचा किंवा स्मृती पणाला लागते. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हे सर्व करूनही सुमारे निम्मे रोगी सव्वा वर्षाच्या आसपास दगावतात.

याच गाठीवर अमेरिकेत रवी बेल्लमकोंडा व त्यांचे सहकारी यांनी वेगळा विचार केला. पळणाऱ्या पेशींचा पाठलाग करण्याऐवजी त्यांनाच बाहेर का बोलावू नये? त्यांनी उंदरांच्या मेंदूतील गाठीपासून मेंदूबाहेरपर्यंत समांतर सूक्ष्म तंतूंची वाट घातली आणि तिच्या टोकाशी मारक औषध असलेले हायड्रोजेल ठेवले. पेशी त्या वाटेने बाहेर आल्या, जेलमध्ये मेल्या, आणि मेंदूतील गाठ लहान राहिली. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले.

मात्र हा प्रयोग उंदरांवरचा होता, हे विसरून चालणार नाही. आपल्या घरी असा रोगी असेल आणि जेलने गाठ हमखास बरी होते असे कोणी सांगू लागला, तर त्याच्या शब्दावर चालू उपचार सोडू नयेत. या कल्पनेचे मोल वेगळे आहे. पेशीचा जो स्वभाव रोग्याच्या जिवावर उठतो, त्याच स्वभावाचा उपयोग करून तिला पकडता येईल, एवढी आशा तिने दाखविली आहे.