सातबारा एकत्र झाले तेव्हा



आज हडपसरची गोष्ट.
इथे एकेकाळी उसाचे फड होते.
मग पुणे वाढत वाढत बांधापर्यंत आलं.
जमिनीला गिऱ्हाईकं येऊ लागली.

पुढं काय होतं, तुम्ही पाहिलंच असेल.
गुंठा गुंठा विकला जातो.
दारात नवी गाडी येते.
काही वर्षांत पैसा सरतो, आणि रानही गेलेलं असतं.

हडपसरच्याच मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी मात्र जमीन विकली नाही.
ती एकत्र केली.

सुमारे 120 कुटुंबं.
जवळपास 400 एकर.
त्यांच्यातल्याच सतीश मगर यांनी पुढाकार घेतला.
कंपनी उभी राहिली.
ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा हिस्सा.

2000 साली या जमिनीवर वसाहत उभारण्याचं काम सुरू झालं.
आधी आराखडा, मग इमारती.
घराजवळच कचेऱ्या.
मधोमध मोठी बाग.
ओला कचरा वेगळा, सुका वेगळा.
शेतकऱ्यांच्या घरातली मुलं तिथेच ठेकेदार झाली.
मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

सगळे प्रश्न सुटले, असं नाही.
फाटकाबाहेर सोलापूर रस्त्यावर आजही गाड्या खोळंबतात.

पण पुन्हा सांगते.
जमीन विकली नाही, एकत्र केली.
पुढं सिंहगड रस्त्यावर, नांदेड गावच्या शेतकऱ्यांनीही हीच वाट धरली.