सेवा बाईची, सही कोणाची?

(कळंब, जि. यवतमाळ येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आयसीयूच्या दाराबाहेर बसायची वेळ इथल्या बऱ्याच जणींवर आली असेल. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या जिल्ह्याने ते फार जवळून पाहिलं. कपाशीवर फवारताना विषबाधा झालेली शेकडो माणसं दवाखान्यात दाखल झाली, २० हून अधिक दगावली. पेपरात आकडे आले, औषधांची नावं आली, सरकारने चौकशी पथक नेमलं. पण व्हरांड्यात चादर टाकून, मजुरी बुडवून बसलेल्या बाया कोणी मोजल्या?

मी माझ्याच घरातलं सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या भावाला फवारणीतून विषबाधा झाली. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण हे एका दवाखान्यापुरतं नाही. वहिनी तीन दिवस दाराबाहेर होती. औषधाची चिठ्ठी आली की दुकानात धावायची, बस्स. एकदा आत डोकावली तर भावाचे हात खाटेला बांधलेले, तो काहीबाही बडबडत होता. तिला वाटलं, नवरा वेडा झाला. या विषावर ॲट्रोपिनची इंजेक्शनं देतात. त्यानं माणूस कधी कधी भ्रमिष्टासारखा वागतो, नळ्या ओढतो, आणि औषध कमी झालं की ते ओसरतं. एवढं कोणी सांगितलं असतं तर ती रात्रभर रडली नसती. ओळखीचा आवाज, ओळखीचा हात असला की असा रुग्ण पुष्कळदा शांत होतो, हे डॉक्टरांनाही माहीत आहे.

मग सही घ्यायची वेळ आली. विचारलं काय, तर "पुरुष माणूस कोण आहे सोबत?" वहिनी समोर उभी होती. सही तिच्या दिराने केली. तो त्याच दिवशी गावाहून आला होता.

भाऊ सावरला, साध्या वॉर्डात आला. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, "यांना उशीवरून मान उचलता येत नाही." उत्तर मिळालं, अशक्तपणा आहे. संध्याकाळी श्वास लागला आणि भाऊ पुन्हा आत गेला. वाचला, हे नशीब. बायांनो, हे लक्षात ठेवा. या विषबाधेत बरं वाटायला लागल्यावरही, साधारण एक ते चार दिवसांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. मान न उचलणं ही त्याची आधीची खूण असते. ती सगळ्यात आधी कोणाला दिसते? जी चमच्याने पाणी पाजते तिला. तिचं बोलणं म्हणजे बाईची भुणभुण नव्हे, ती रुग्णाची माहिती आहे.

नवजात बाळांच्या बाबतीत सरकारला हे पटलं आहे. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयातल्या अनुभवावरून २०१७ सालीच केंद्र सरकारने सूचना काढल्या. आजारी बाळांच्या विभागात आईबापांना आत घ्यावं, हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत शिकवावं, असं त्यात आहे. आईला अतिदक्षता विभागातच बाळाजवळ ठेवून, बाळ छातीशी धरायला दिलं तर मृत्यू कमी होतात, असं भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासातून २०२१ मध्ये पुढे आलं. एवढुशा जिवाजवळ आई चालते, तर हात धुतलेली बायको नवऱ्याजवळ दहा मिनिटं का चालू नये?

पण सावध राहू या. सहभाग म्हणजे नर्सच्या रिकाम्या जागा आपण फुकटात भरायच्या, असं होता कामा नये. नळीतून कफ काढणं, सलाइनवर लक्ष ठेवणं हे शिकलेल्या माणसाचं काम. ती पदं भरा, ही मागणी आपण सोडायची नाही. घरातही तेच. सासूच्या उशाशी सून, बापाच्या उशाशी लेक, आणि बाई आजारी पडली तर तिची माहेरची बहीण! पुरुषांनीही पाळीपाळीने बसावं. विषाने भिजलेले कपडे धुवायलाही शेवटी बाईच असते, उघड्या हातांनी. ते विष तिच्याही अंगात जातं.

मग मागायचं काय? रोज ठरल्या वेळी, आपल्याला समजेल अशा भाषेत रुग्णाची माहिती. हात धुऊन आत जायची ठरलेली वेळ. काय पाहायचं आणि कोणाला सांगायचं, याचं शिक्षण. बाहेर थांबणाऱ्या बायांसाठी झोपायला जागा आणि कडी लागणारा संडास. रुग्ण शुद्धीवर असेल तर सही त्याची किंवा तिची स्वतःची. शुद्ध नसेल तर बायकोला डावलून दिराकडे जायचं नाही. खासगी दवाखान्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये नियमांत रुग्णहक्कांची सनद घातली आहे. ती भिंतीवर आहे का, हे आपल्या गटांनी जाऊन पाहावं. नसेल तर विचारावं.

वहिनीला आजही मी विचारते, तेव्हा सही का नाही केलीस? ती म्हणते, "मले कोनी कागद देल्लाच नाही." पुढच्या वेळी तो कागद आपण हात पुढे करून मागायचा. आणि सही करण्याआधी वाचून घ्यायचा.