गिरणेच्या काठी आपले स्वागत असो



ज्या जळगावात १९०७ साली डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या, विशीही न गाठलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले, त्याच जळगावात आपले स्वागत करण्याचा मान मजकडे यावा, हे मी माझे परमभाग्य समजतो.

एक विषय ठरवून त्यावर प्रत्येकाने लिहावे आणि ते एकमेकांपुढे वाचावे, हा आमच्या लेखनमंडळाचा परिपाठ आहे. या संमेलनासाठी ‘गिरणा’ हा विषय मुक्रर झाला, तेव्हा सर्वांचे लेखन एकाच साच्याचे होईल, अशी भीती काही मित्रांनी व्यक्त केली. हस्तलिखिते हाती आल्यावर ती भीती निराधार ठरली. केळीच्या एका बागायतदाराने पाण्याची पाळी चुकलेल्या रात्रीविषयी लिहिले आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाने पुराच्या दिवसांत दप्तर माळ्यावर चढविण्याची हकीकत सांगितली आहे. आणि एका शिक्षिकेने, माहेरी जाताना ओलांडावे लागणारे कोरडे वाळवंट लेवा बोलीत असे उभे केले आहे की, ते वाचताना माझा कंठ दाटून आला.

कळवणच्या डोंगरांत उगम पावून, मालेगाव, भडगाव मागे टाकीत तापीला मिळणारी ही नदी ज्यांनी जन्मभर पाहिली, त्यांच्यापुढे तिच्याविषयी वाचणे ही लेखकाची खरी कसोटी होय. कारण दूरच्या वाचकाला भुलविणारे अलंकार येथे क्षणभरही टिकत नाहीत, आणि पाण्याचा रंग चुकला तर पहिल्याच रांगेतून हरकत येते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी टिपून ठेवली आणि ती १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. परंतु त्याच्या कितीतरी आधी ती गाणी शेताशिवारातल्या, तेच कष्ट उपसणाऱ्या माणसांच्या कानांवर पडत होती. त्या निःशब्द परीक्षकांचे ऋण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाने पुरेसे नोंदविलेले नाही, असे माझे नम्र मत आहे.

निवासाची व भोजनाची तजवीज यथाशक्ति केली आहे. न्यून राहिल्यास कार्यकर्त्यांना निःसंकोच सांगावे. प्रत्येक वाचनानंतर श्रोत्यांसाठी मुद्दाम वेळ राखून ठेवला आहे. त्या वेळी केवळ टाळ्या न वाजविता, कोठे आपली नदी ओळखू आली आणि कोठे ती परकी वाटली, हे प्रत्येकाने स्पष्ट सांगावे, अशी आग्रहाची विनंती करून मी अध्यक्षमहाराजांना आसन स्वीकारण्याची प्रार्थना करतो.