ललितकलेची पदवी आणि आपली मुले

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात बेलापूर येथे केलेले भाषण)



मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकविली. तेव्हा कलेच्या थोरवीविषयी मी चार शब्द बोलेन, अशी आपली अपेक्षा असावी. परंतु आज मी निव्वळ व्यवहाराचे बोलणार आहे.

माझे वडील गाड्यांची चाके करीत. गुण्या न लावता ते काटकोन बिनचूक सांगत. असा डोळा आपल्या सुतार समाजाच्या पुष्कळ घरांत आजही आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईस कलाशाळा निघाली, तीही कारागिरांच्या हातांना शास्त्राची जोड मिळावी म्हणूनच. तिचा लाभ आपण मात्र फारच थोडा घेतला.

१९७६ साली मी चित्रकलेची शासकीय पदविका घेतली. पुढे परप्रांतातील एका विद्यापीठात पदव्युत्तर वर्गासाठी अर्ज केला, तो परत आला. पदविका ही पदवी नव्हे, एवढेच उत्तर. माझी चित्रे कोणी उघडूनही पाहिली नाहीत! आपल्या गावाचे नाव मिरविणारे रेल्वेस्थानक श्रीरामपुरास आहे, हे आपण जाणताच. केवळ पाटी वाचून उतरणारा नवखा प्रवासी फसतो. माझे तसेच झाले. वस्तुतः बडोद्याच्या विद्यापीठाने १९५० सालीच ललितकलांची शाखा काढून पदवीची वाट खुली केली होती. पण मला ती सांगणार कोण?

म्हणून आता नीट ऐकावे. आपल्या राज्यात दृश्यकलेच्या पदवीस, म्हणजे बी.एफ.ए.स, चार वर्षे लागतात. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. मात्र इंग्रजी विषय हवा आणि किमान ४५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गास ४० टक्के पुरतात. त्यानंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान असे चार भाग असतात. मुंबईच्या जे.जे. संस्थेस २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला; तेव्हा तेथील नियम दरवर्षी तिच्याच पत्रकावरून पाहावेत. शासकीय महाविद्यालये नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही आहेत.

या परीक्षेची तयारी बारावीच्या निकालानंतर सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. समोरचा तांब्या हुबेहूब उतरविणे सरावाने जमते. पण आठवडी बाजाराचे दृश्य मनातून, घटकाभरात कागदावर आणावयाचे, तर बाजारात उभे राहून माणसे न्याहाळलेली असावी लागतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस शाळेमार्फत बसता येते. त्या शाळेत असतानाच द्याव्यात, म्हणजे हात वेळीच बसतो. दरवर्षी कितीतरी मुले केवळ अर्जाची मुदत चुकल्याने मागे राहतात. शिक्षकांनीही येथे थोडे मनावर घ्यावे. हे मी माझ्याच व्यवसायबंधूंना सांगतो.

प्रवेश मिळाला म्हणजे पदवी मिळाली, असेही नाही. निसर्गचित्र, व्यक्तिचित्र, मानवाकृतीचा अभ्यास, शिवाय कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र यांचे लेखी पेपर. वर्षभराचे काम वेळेवर सादर न केल्यास चांगला हातही नापास होतो. चित्रास बुद्धी लागत नाही, असे समजणाऱ्यांनी तो अभ्यासक्रम एकदा डोळ्यांखालून घालावा.

"पुढे काय?" असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. उपयोजित कलेस जाहिरात, मुद्रण व चलच्चित्रांत काम आहे. महाविद्यालयात शिकवावयाचे, तर आणखी दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी व नेट किंवा तत्सम पात्रता हवी.

खर्चाचे मात्र मी लपविणार नाही. कागद, रंग, कुंचले सतत लागतात. वसतिगृहाचा खर्च वेगळाच. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती आजवर अभियांत्रिकी व वैद्यकाच्याच विद्यार्थ्यांस मिळत आली. यंदा एक तरी शिष्यवृत्ती कलेच्या विद्यार्थ्यास द्यावी, आणि तीत साहित्याचा खर्च धरावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे लेखी ठेवली आहे. मुलींचे अर्ज आल्यास त्यांचा प्रथम विचार व्हावा, असेही तीत लिहिले आहे. कारण मुलीचा हात आपण रांगोळीपाशीच थांबवितो.

भोजनानंतर मी मंडपाच्या उजव्या बाजूस बसणार आहे. ज्यांच्या घरी चित्रे काढणारे मूल असेल, त्यांनी त्याची वही घेऊन यावे. मूलही बरोबर आणावे.