सलाईन लावल्यानंतरचे दिवस

रुग्णाच्या हाताच्या शिरेत बसवली जाणारी बारीक प्लास्टिकची नळी, म्हणजेच कॅन्युला, जिला वॉर्डात सर्रास ‘इंट्राकॅथ’ किंवा ‘व्हेनफ्लॉन’ म्हणतात, ती औषधाला थेट रक्तात वाट करून देते; मात्र तीच वाट जंतूंनाही मोकळी होते. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस वर्गातील जंतू नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात. या आवरणाला जैवपटल म्हणतात, आणि ते एकदा जमले की प्रतिजैविकांचा त्यावर फारसा प्रभाव पडत नसल्याने बहुधा नळी काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

परिचारिकेचे कौशल्य पहिल्याच टोचणीत शीर सापडते की नाही यावरून जोखण्याची रीत आहे, आणि ती अपुरी आहे. शीर सापडण्यापूर्वी हात स्वच्छ करणे आणि सत्तर टक्के अल्कोहोलमधील दोन टक्के क्लोरहेक्झिडिनने त्वचा घासणे याइतकेच ते द्रावण आपोआप वाळू देणेही आवश्यक असते, कारण जंतुनाशकाला काम करण्यास वेळ लागतो; घाईत फुंकर घातली किंवा पुसलेल्या जागी शीर पुन्हा बोटाने चाचपली, तर केलेली स्वच्छता वाया जाते. चिकटपट्टीचे तुकडे आधीच कापून खाटेच्या कठड्याला चिकटवून ठेवण्याची सोयीस्कर सवयही अशीच घातक आहे, कारण तो कठडा दिवसभर अनेकांच्या हातांखालून गेलेला असतो.

नळी बसल्यानंतरचे काम कमी दिसते, पण अधिक चालते. प्रत्येक इंजेक्शनपूर्वी जोडणीचे तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने जोर देऊन घासावे लागते. भारतात प्रचलित असलेल्या, वर रंगीत टोपण असलेल्या कॅन्युलाचे इंजेक्शनचे छिद्र नीट पुसता येत नाही, त्यामुळे ते टोपण उघडे राहणे ही साधी बाब नव्हे. पारदर्शक पट्टी लावली असल्यास ती न उचलता टोचलेली जागा पाहता येते. शिरेचा दाह, म्हणजे फ्लेबायटिस, मोजण्यासाठी शून्य ते पाच गुणांची दृश्य श्रेणी वापरली जाते. तीत वेदना, लाली आणि सूज यांपैकी दोन लक्षणे आढळली की दोन गुण होतात आणि कॅन्युला काढून दुसरीकडे बसवली जाते.

प्रौढांमध्ये कॅन्युला ७२ ते ९६ तासांनी बदलण्याचा जुना प्रघात होता. ऑस्ट्रेलियातील ३,२८३ रुग्णांवरील, ‘लॅन्सेट’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरावीक वेळी नळी बदललेल्या आणि केवळ लक्षणे दिसल्यावर बदललेल्या, अशा दोन्ही गटांत फ्लेबायटिसचे प्रमाण सात टक्केच आढळले. या निष्कर्षाने रुग्णांच्या टोचण्या वाचतात हे खरे, परंतु त्यामागे जागा नियमितपणे पाहिली जाईल हे गृहीत आहे. जिथे एका परिचारिकेवर भरलेल्या वॉर्डाची रात्रपाळी सोपवली जाते, तिथे घड्याळाऐवजी नजरेवर विसंबणे म्हणजे तपासणीच न होण्याचा धोका पत्करणे होय.

औषधे तोंडावाटे सुरू झाल्यावरही ‘असू दे, लागेल कदाचित’ म्हणून ठेवलेली नळी हा सर्वांत सहज टाळता येणारा धोका आहे. ती काढण्याचा प्रश्न डॉक्टरांच्या फेरीत रोज उपस्थित करण्याचा अधिकार परिचारिकेला स्पष्टपणे दिलेला असावा. शिवाय दाह कधी कधी नळी काढल्यानंतरच्या ४८ तासांतही प्रकट होतो. म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णाला हातावरची ती जागा लाल झाली, दुखू लागली किंवा शीर दोरीसारखी कडक लागली तर रुग्णालयात परत यावे, असे सांगणे हेही परिचारिकेच्या कामातच मोडते.